टाळ्या पुरे, यादी दाखवा

दरवर्षी १७ ऑक्टोबरला सर सय्यद अहमद खान यांची जयंती साजरी होते. तराना होतो, तकरीरी होतात, जेवणे होतात. आपल्याकडच्या मुस्लिम शैक्षणिक परिषदांतही त्यांचे नाव घेतल्याशिवाय कुणी खाली बसत नाही. मग वक्ता विचारतो, "या हॉलमधून किती कलेक्टर निघणार?" टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी तोच प्रश्न आणि त्याच टाळ्या. मधल्या वर्षात काय झाले, हे कुणी विचारत नाही.

सर सय्यद १८६९ मध्ये इंग्लंडला गेले आणि केंब्रिजसारख्या विद्यापीठाचे स्वप्न घेऊन परतले. पण अलिगढला १८७५ मध्ये त्यांनी उघडली ती एक शाळा. १८७७ मध्ये कॉलेजचा पाया घातला गेला. मधली वर्षे चंदा गोळा करण्यात आणि अंगावर आलेले फतवे झेलण्यात गेली. विद्यापीठ झाले १९२० मध्ये. सर सय्यद १८९८ मध्येच वारले होते. आपण त्यांचे स्वप्न वारसाहक्काने घेतले, चंद्याची वही मात्र तिथेच ठेवून आलो.

दुसऱ्या टोकाला आपले व्यवहारी लोक. मुलगा दहावी झाला की गॅरेजला लावा, मुलीला शिलाई शिकवा. घरची चूल पेटायला हवी, हे मलाही कळते. पण त्याच मुलाला आयटीआयला घालावे, हातातल्या कामाला प्रमाणपत्राची जोड द्यावी, एवढाही पुढचा विचार नसेल तर त्याला व्यवहार म्हणू नका. ती हार आहे.

सर सय्यदांच्या स्वप्नालाही मर्यादा होती. त्यांचा भर मुलांवर होता. मुलींच्या शाळेची घाई त्यांना नव्हती. ती उणीव शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहां बेगम यांनी भरून काढायला घेतली. १९०६ मध्ये त्यांनी अलिगढमध्ये मुलींची शाळा काढली. पडद्यातल्या मुली शाळेत येणार कशा, हा पहिला प्रश्न होता. त्यासाठी डोल्या ठरवल्या, पुढे वसतिगृह उभे केले. मुस्लिम स्त्रीने शिकावे हे स्वप्न डोलीच्या भाड्यापाशी अडू शकते, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या गावातली उर्दू शाळा सातवीला संपते, हायस्कूल तालुक्याला असते आणि मुलगी घरी बसते. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, पण त्याचा फॉर्म कोण भरून देणार? चार मुलींना सोबत कोण जाणार? हे प्रश्न व्यासपीठाला छोटे वाटतात.

सरकारला मी सोडत नाही. २००६ च्या सच्चर अहवालात आयएएसमध्ये मुसलमान ३ टक्के आणि आयपीएसमध्ये ४ टक्के होते. तरीही २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केली, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही थांबवली. त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. पण सातवीनंतर घरी बसलेली मुलगी यूपीएससीच्या परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही. कलेक्टरांची संख्या तिथेच कमी होते.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण देणारी हदीस आपण एकमेकांना ऐकवतो. दोरी मात्र कुणाच्याच हातात दिसत नाही.

म्हणून परिषद भरवणाऱ्यांकडे एकच मागणी आहे. पुढच्या वर्षी पहिल्या भाषणाआधी यादी वाचा: आपल्या मोहल्ल्यात किती मुली सातवी झाल्या, त्यातल्या किती आठवीत गेल्या, बाकीच्या का थांबल्या आणि त्यांच्या घरी आपल्यापैकी कोण गेले होते. मग खुशाल कलेक्टरची स्वप्ने दाखवा. आणि चंदा देणाऱ्यांनो, पावतीबरोबर ही यादीही मागा. मिळाली नाही, तर पाकीट परत खिशात ठेवा.