रेषेची मुखत्यारी

संगणकावर तयार होणारे आजचे ॲनिमेशनपट हाताने रेखाटलेल्या जुन्या चित्रपटांच्या तोडीचे आहेत काय, या प्रश्नाचा निवाडा बहुतेक लोक कैफियत ऐकून घेण्यापूर्वीच करून मोकळे होतात. एका पक्षाच्या मते ज्या दिवशी कागद-पेन्सिल जाऊन यंत्र आले, त्याच दिवशी चित्रातला प्राण गेला. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्या तंत्राने वाघाच्या अंगावरचा एकेक केस वाऱ्यावर हलताना दिसतो, त्याच्यापुढे जुनी चित्रे म्हणजे बालपणीच्या आठवणींचा ठेवा, याहून अधिक काही नाही. हे दोन्ही पक्ष मला अमान्य आहेत. मात्र दोहोंचा दोष सारखा नाही, आणि दुसऱ्याचा दोष अधिक घातक आहे.

पहिल्या पक्षाचे खंडन सोपे आहे. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथच्या बदललेल्या आवाजावरून धातू कापणाऱ्या हत्याराची धार बोथट झाल्याचे ओळखणारे कारागीर ज्याने पाहिले आहेत, त्याला यंत्र आले की हात संपला हे म्हणणे पटणार नाही. शिवाय जुनी कला निव्वळ हाताची होती, हेही खरे नव्हे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला, तो पेन्सिलीने नव्हे, तर कॅमेऱ्यापुढे काड्या एकेक चौकटीगणिक सरकवून. डिस्नेच्या कारखान्यात 1961 च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटापासून चित्रकाराची पेन्सिलरेषा झेरॉक्सने थेट पारदर्शक तावावर उतरवली जाऊ लागली, आणि पूर्वी केलेल्या हालचाली नव्या पात्रांच्या अंगावर चढवून वेळ वाचवण्याचा प्रघातही तेथे राजरोस होता. सबब, यंत्राचा स्पर्श हा गुन्हा ठरवायचा तर जुन्यांवरही फिर्याद दाखल करावी लागेल.

दुसऱ्या पक्षाचा दावा तपासण्यासाठी नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. किपलिंगने मोगलीची कथा ज्या सिवनीच्या टेकड्यांत घातली, ती सिवनी नागपूरहून जबलपूर रस्त्याने सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि पेंचचे अरण्य तर आपल्या आणि मध्यप्रदेशाच्या सामाईक हद्दीत पसरलेले आहे. या कथेवर डिस्नेने 1967 साली हाताने रेखाटलेला चित्रपट काढला. 1989 साली जपानी चित्रकारांनी रेखाटलेली मालिका पुढे दूरदर्शनवरून घरोघर पोहोचली. आणि 2016 साली जॉन फॅव्हरोने मोगलीचे काम करणारा मुलगा तेवढा खरा ठेवून बाकीचे सारे अरण्य, श्वापदांसकट, संगणकात उभे केले. योगायोग असा, की त्या मालिकेच्या हिंदी रूपात आणि 2016 च्या चित्रपटाच्याही हिंदी रूपात शेरखानाचा आवाज एकाच माणसाचा, नाना पाटेकरांचा, आहे. आवाज तोच राहून चित्र बदलले म्हणजे काय होते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा मिळणार नाही.

2016 च्या शेरखानाचा अर्धा चेहरा आगीने होरपळलेला आहे, एक डोळा गेलेला आहे, कातडीखाली स्नायू सरकताना दिसतात, आणि तो लांडग्यांचा म्होरक्या अकेला याला बोलता बोलता कड्यावरून फेकून देतो तेव्हा अंगावर काटा येतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु हाच वाघ तोंड उघडून वाक्य बोलू लागला, की त्याचे अस्सल व्याघ्रमुख आणि नानांचा तो धारदार स्वर यांची फारकत होते. आवाज देहातून न येता बाहेरून चिकटवल्यासारखा वाटतो. मालिकेत चित्रांची काटकसर उघड दिसत असे, तोंडाच्या दोन-चार आकारांवर सारा संवाद भागवला जाई. तरीही तो आवाज त्या वाघाचाच वाटे, कारण तो वाघ मुळातच रेषेचा होता आणि रेषेच्या वाघाने बोलण्यास कोणाचीच हरकत नसते. 1967 च्या चित्रपटात तर मिल्ट काल या चित्रकाराने जड पापण्यांचा, रुंद जबड्याचा, दरबारी ऐटीचा असा शेरखान काढला, की झाडावरून लोंबणारी ‘का’ अजगराची शेपटी तो दाराची घंटा वाजवावी तशी ओढतो, आणि त्या एका अदबशीर हालचालीत त्याचे सारे क्रौर्य कळते. असे कृत्य पेंचमधला कोणताही वाघ करणार नाही; म्हणूनच वाघाची हुबेहूब प्रतिकृती करू पाहणाऱ्याला ते सुचणारही नाही.

येथे खऱ्या दोषाचे मूळ सापडते. चित्रकार रेषा काढतो तेव्हा शंभर गोष्टी टाकून देऊन एक ठेवतो. काय ठेवावे आणि काय टाकावे याची मुखत्यारी त्याच्याकडे असते. छायाचित्राशी स्पर्धा करणारा संगणकपट ही मुखत्यारी स्वखुशीने सोडून देतो. 1994 च्या ‘लायन किंग’मधला स्कार भुवई उंचावून जे बोलतो, ते 2019 च्या पुनर्निर्मितीतल्या शरीरशास्त्राला इमानदार राहिलेल्या सिंहाला साधत नाही. केस अधिक, आयाळ अधिक, अर्थ कमी.

मात्र संगणकाने ही मुखत्यारी सोडलीच पाहिजे, असा कोणताही हुकूम नाही. 1995 च्या ‘टॉय स्टोरी’च्या कर्त्यांनी त्या काळच्या यंत्राला प्लास्टिकचे गुळगुळीत पृष्ठभाग उत्तम साधतात हे ओळखून कथाच खेळण्यांची घेतली. 2018 च्या स्पायडरमॅनच्या ॲनिमेशनपटात नवखा माइल्स आणि अनुभवी पीटर अरण्यातून झोके घेत जातात, तेव्हा पीटरला सेकंदाला चोवीस चित्रे मिळतात आणि माइल्सला बाराच. त्या किंचित अडखळण्यातूनच त्याचे नवखेपण दिसते. आणि मुंबईच्या जे. जे. कलासंस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा 2019 चा ‘बॉम्बे रोझ’ संगणकावरच, पण एकेक चौकट हाताने रंगवून झाला: त्यात फुले विकणाऱ्या कमलाची स्वप्ने लघुचित्रशैलीत उमलतात, आणि एक वृद्ध शिक्षिका रस्त्याने चालू लागली की आजची रंगीत मुंबई तिच्या पावलांबरोबर जुन्या काळ्या-पांढऱ्या मुंबईत विरघळते. हे तीन चित्रपट कोणत्याही हस्तरेखित पूर्वसूरीच्या पंक्तीस निःसंकोच बसतील. परंतु बाजारात मोठ्या गाजावाजाने येणारे कित्येक चित्रपट या वाटेने जात नाहीत, आणि म्हणून एकंदरीने पाहता आजचे चित्रपट जुन्यांच्या तोडीचे नाहीत, असे मला स्पष्ट म्हणावे लागते.

ॲनिमेशन शिकवणारे वर्ग आता आपल्या नागपुरातही आहेत. तेथील विद्यार्थ्यांना संगणकापुढे बसवण्याआधी वही-पेन्सिल देऊन गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयात पाठवण्याची तजवीज व्हावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. विस्कटलेल्या काळ्या केसांचे, छातीवर पांढुरका पट्टा असलेले, लांब वाकड्या नखांनी वारूळ फोडणारे आपल्याकडचे अस्वल मोगलीच्या कथेतल्या 1967 च्या बालूत दिसत नाही आणि 2016 च्या बालूतही नाही. ते काढण्याचा पहिला हक्क या मुलांचा आहे.