धारोष्ण नको, उकळलेलं दूध प्या

कोल्हापुरात राहून हा लेख लिहायचा म्हणजे चार माणसांच्या शिव्या खायची तयारी ठेवायला हवी. तरी लिहितो.

गंगावेशच्या दूध कट्ट्याचं आपल्याला कोण कौतुक! समोर म्हैस, समोर धार, फेसाळ पेला तोंडाला. पाणी नाही, पावडर नाही. भेसळीच्या काळात हा विश्वास मोठा आहे, हे मलाही मान्य आहे. पण डोळ्यांदेखत काढलेल्या दुधात पाणी नसतं एवढंच तुम्हाला दिसतं. जंतू दिसत नाहीत. म्हणून माझा विरोध कट्ट्याला नाही, म्हशीला नाही, दूधवाल्यालाही नाही. विरोध आहे कच्च्या दुधाला, आणि त्यामागच्या एका समजुतीला. ती समजूत अशी: "डॉक्टर, तालमीतलं शरीर आहे, काय होतंय त्याला? सगळं पचवतो गडी."

हेच नेमकं चुकीचं आहे. कच्च्या दुधातून येणारा एक जंतू असा आहे, की त्याच्यापुढे पैलवानी शरीराचा काही उपयोग नाही. त्याचं नाव ब्रुसेला. गाई-म्हशींत, शेळ्या-मेंढ्यांत तो असतो. जनावर गाभ टाकतं तेव्हा शंका येते, पण एरवी ते धडधाकट दिसतं आणि दुधातून जंतू सोडत राहतं. "म्हैस निरोगी दिसते की!" या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही.

आता शरीरात काय होतं ते बघा. बाहेरून जंतू आला की आपल्या काही पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. त्यांना भक्षक पेशी म्हणू. गिळलेला जंतू पेशीत एका छोट्या पिशवीत बंद होतो. पिशवीत आम्ल वाढतं, मग पाचकरसांनी भरलेली दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. बहुतेक जंतू असेच मरतात.

ब्रुसेलाचेही बरेच जंतू इथं मरतात. पण जे उरतात, त्यांच्यासाठी ते आम्ल म्हणजे इशारा ठरतं. आम्ल जाणवलं की जंतू स्वतःच्या अंगावर प्रथिनांची एक बारीक नळी उभी करतो. शास्त्रज्ञ तिला व्हिर-बी यंत्रणा म्हणतात. या नळीतून तो स्वतःची प्रथिनं थेट आपल्या पेशीत सोडतो, आणि ती प्रथिनं पेशीच्या कारभारात हात घालतात. कुठली पिशवी कुठं जायची हे ठरवणारं रॅब-२ नावाचं प्रथिन आपल्या पेशीत असतं. जंतूचं रिक-ए हे प्रथिन त्यालाच जाऊन चिकटतं. पेशीच्या आत प्रथिनं तयार करणारा एक कारखाना असतो. तिथं घड्या नीट घालणाऱ्या बिप नावाच्या मदतनीसाला जंतूचं व्हीसीई-सी हे प्रथिन पकडतं, आणि कारखान्यावर ताण येतो. बीटीपी-ए हे तिसरं प्रथिन आपल्याच धोक्याच्या घंटेतल्या एका भागासारखं दिसतं आणि ती घंटा दाबून धरतं.

शेवट काय होतो? जंतूची पिशवी पाचकरसांच्या तावडीतून निसटते, त्या कारखान्यापाशी पोहोचते आणि जंतू तिथं वाढू लागतो. प्रयोगशाळेत ही नळीच काढून टाकलेला ब्रुसेला पेशीत वाढू शकत नाही, इतकं तिचं महत्त्व आहे.

म्हणजे ज्याला मारायला पाठवलं, त्याच्याच घरात जंतूनं बिऱ्हाड केलं. रोज हजार जोर मारलेत, तरी या पेशींचा कारभार तोच राहतो. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं माल्टा बेटावर हा जंतू शोधला तो मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत. सैनिक काही लुळेपांगळे नव्हते. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांना तोच जंतू तिथल्या निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. १९०६ मध्ये सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं, आणि छावणीतला आजार झपाट्यानं उतरला.

हा ताप चढतो-उतरतो, आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. रात्री घाम येतो, कंबर-सांधे दुखतात, गळून जायला होतं, काही पुरुषांत वृषणाला सूज येते. जंतू कधी मणक्यातही ठाण मांडतो. इथं चूक आम्हा डॉक्टरांचीही होते. टायफॉइड समजून आठवडाभर गोळ्या दिल्या जातात, ताप उतरतो, पुन्हा येतो. पेशीच्या आत लपलेल्या जंतूला आत शिरणारी औषधं लागतात, तीही दोन मिळून आणि साधारण ६ आठवडे. म्हणून बरं वाटलं की गोळ्या बंद, हे इथं चालत नाही. गरोदर बाई आणि लहान मुलांची औषधं वेगळी असतात, तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी वापरू नका.

"गरम केलं की सत्त्व जातं" म्हणाल, तर प्रथिनं आणि कॅल्शियम उकळल्यावरही दुधातच राहतात. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, तेवढी भाजी-फळांतून मिळतात. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, तेवढ्यात ब्रुसेला मरतो. घरी एक उकळी पुरे. धारेचं दूध कोमट असतं ते म्हशीच्या अंगच्या उबेमुळे, आणि त्या उबेत हा जंतू मजेत राहतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कट्ट्यावर म्हशीशेजारी एक शेगडी ठेवा. धार समोर काढा, दूध समोर उकळा, मग द्या. विश्वासही राहील आणि जंतूही मरेल. तालमीतली थंडाई उकळून गार केलेल्या दुधाची करा. गोठा असेल, तर वासरी ४ ते ८ महिन्यांची असताना तिला ब्रुसेलाची लस टोचून घ्या. २०१९ पासून केंद्र सरकारच्या मोहिमेत ती दिली जाते. गाभ टाकलेल्या जनावराची वार उघड्या हातानं उचलू नका.

आणि ताप हटत नसेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपण होऊन सांगा, "मी कच्चं दूध पितो", किंवा "घरी जनावरं आहेत". या एका वाक्यानं योग्य तपासणी होईल आणि तुमचे महिने वाचतील.