शब्दार्थांची वही आणि कोरियातील पोरे

दरवर्षी नोव्हेंबर महिन्यातील एका गुरुवारी दक्षिण कोरियातील विमाने अर्धा तास थांबतात. ना युद्ध, ना वादळ. त्या दिवशी तिथे विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा असते. तिला तिकडे 'सुनुंग' म्हणतात. इंग्रजीच्या पेपरातील ऐकण्याचे प्रश्न सुरू असताना पोरांच्या कानी दुसरा आवाज पडू नये म्हणून सरकार विमानांचे उड्डाण आणि उतरणे बंद ठेवते. पंचेचाळीस प्रश्न, सत्तर मिनिटे, त्यातले सतरा प्रश्न ऐकून सोडवायचे. एका परकीय भाषेच्या पेपरासाठी आकाश मोकळे करणारा दुसरा देश आमच्या तरी माहितीत नाही.

या देशाने इंग्रजीसाठी काय केले नाही? १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसरीत इंग्रजी आणले. गल्लोगल्ली 'हागवॉन' नावाचे खासगी शिकवणी वर्ग उघडले. २०२३ या एका वर्षात कोरियन आईबापांनी शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर सत्तावीस लाख कोटी वोन खर्च केले, आणि त्यातला मोठा वाटा इंग्रजीचा होता. तरीही नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेत इंग्रजीची पहिली श्रेणी जेमतेम तीन टक्के मुलांना मिळाली. ओरड इतकी झाली की परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांना डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला. पेपर कठीण होता हे खरेच. पण आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती सीमाभागातील आमच्या पोरांनाही लागू आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोरियन विद्यार्थ्याच्या दप्तरात शब्दांचे एक पुस्तक हमखास असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे कोरियन अर्थ. रोज तीस किंवा पन्नास शब्द पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी हागवॉनमध्ये परीक्षा. 'अॅड्रेस' म्हणजे पत्ता, 'सब्जेक्ट' म्हणजे विषय, 'बेअर' म्हणजे अस्वल, 'फाईन' म्हणजे चांगले. शब्द पाठ झाला, पुढचा घ्या. मग पेपरात एखादा पुढारी समस्येला 'अॅड्रेस' करतो आणि पोरगे समस्येचा पत्ता शोधत बसते. प्रयोगातील 'सब्जेक्ट' म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालला आहे तो माणूस, पण पाठांतर म्हणते विषय. वेदना 'बेअर' करणारी बाई अस्वलाच्या जवळ जाऊन पोहोचते. कोणी 'फाईन' भरला तर त्यात चांगले काय, हा प्रश्न आहेच! तिकडच्या पुस्तकांत अनेकार्थी शब्दांचे एक वेगळे प्रकरण असते, नाही असे नाही. परंतु हजारभर शब्द एकेका अर्थाने डोक्यात घट्ट बसल्यावर ते सैल करायला कोणाला सवड आहे?

खरी अडचण पाठांतराच्याही मागे आहे. कोणत्याही दोन भाषांच्या शब्दांची कुंपणे एका रेषेत नसतात. कोरियनमध्ये 'याक्सोक' हा एकच शब्द वचनालाही चालतो आणि भेटीच्या ठरलेल्या वेळेलाही चालतो. त्यामुळे कोरियन मुलगा इंग्रजीत सहज सांगून जातो की आज संध्याकाळी मला एक वचन आहे. ऐकणारा चक्रावतो. उलट इंग्रजीचा 'वेअर' एकटा जे काम करतो त्याला कोरियनमध्ये चार क्रियापदे लागतात. कपड्यांना एक, पायताणाला दुसरे, टोपी-चष्म्याला तिसरे, अंगठीला चौथे. मराठी वाचकाला याचे नवल वाटायला नको. आपणही लुगडे नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो आणि चष्मा लावतो. लुगडे घातले म्हणणाऱ्या सुनेला आजेसासू अजूनही सोडत नाही.

या बाबतीत कोरियन आणि मराठी यांचे किती जमते ते पाहून आम्हांला मौज वाटली. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते हे तर झालेच. पण 'खाणे' घ्या. मराठी माणूस भाकरी खातो, तसाच मार खातो, शिव्या खातो, हवा खातो, आणि कचेरीत बसला तर पैसेही खातो. कोरियन माणूससुद्धा शिव्या खातो! शिवाय तो वय खातो, म्हणजे म्हातारा होतो; भीती खातो, म्हणजे घाबरतो; आणि मन खातो, म्हणजे निश्चय करतो. लाच खाण्याची सोय त्याच्याही भाषेत आहे. 'नून' म्हणजे डोळा आणि बर्फही. 'बे' म्हणजे पोट, होडी आणि नासपती. पाच वर्षांचे कोरियन पोर या तिन्हींत कधी गोंधळत नाही, कारण त्याने तो शब्द यादीतून उचललेला नसतो, आईच्या तोंडच्या वाक्यातून उचललेला असतो. नासपती कापली जाते, होडीत बसले जाते, पोट दुखते. शब्दाचा अर्थ शेजारचे शब्द सांगतात. जे पोर स्वभाषेत हे इतक्या सहज करते, तेच पोर इंग्रजीचे पुस्तक उघडले की एका शब्दाला एकच अर्थ धरून बसते, आणि तसे बसायला त्याला शिकवले जाते. आमची तक्रार या शिकवण्याबद्दल आहे.

परक्या भाषेचे शब्द घरात घेतले की त्यांना नवे अर्थ फुटतात, ही त्यातली आणखी एक गंमत. कोरियात परीक्षेत नक्कल करण्याला 'कनिंग' म्हणतात. आपण 'कॉपी' म्हणतो. दोन्ही शब्द इंग्रजांचे, आणि इंग्रजांच्या देशात दोन्ही त्या अर्थाने खपत नाहीत. कोरियन दुकानदार वर फुकट काही घालतो त्याला 'सर्व्हिस' म्हणतात. आमच्याकडे मुलगा 'सर्व्हिसला' लागला की मुलीचे बाप चौकशीला येतात. आमची 'लाईट' जाते, आमचे पाहुणे 'स्टँड'वर उतरतात, शाळेचे 'गॅदरिंग' होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. किंबहुना कोरियनांचा 'फायटिंग' हा धीर देण्याचा शब्द २०२१ साली ऑक्सफर्डच्या कोशात सन्मानाने जाऊन बसला.

आता आमच्याकडे वळू. निपाणी, खानापूर, बिदर, भालकी, कारवार या टापूतील मराठी पोराच्या वाट्याला तीन भाषा आहेत, आणि तीनही गाईडमधील शब्दार्थांच्या वहीतून येतात. कन्नड तर शेजारची, अर्धे शब्द ओळखीचे, आणि फसगत नेमकी ओळखीच्या शब्दांतच होते. कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणजे संधी. आपल्याकडे सवड, नाहीतर मोकळी जागा. आपले 'अनुमान' म्हणजे तर्क, त्यांचे म्हणजे संशय. आपल्या 'यजमाना'च्या घरी आपण जेवायला जातो, त्यांचा 'यजमान' मालक असतो, किंवा घरधनी. बाजारात वावरणाऱ्या मराठी माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. तो दोन्ही अर्थ खिशात बाळगून असतो. शाळेतील वहीला मात्र याचा पत्ता नसतो.

इंग्रजीचे तर विचारूच नका. शाळेत दोन गुण गेले तर पुढच्या खेपेला मिळवता येतात, पण जमिनीच्या कागदात तसे होत नाही. घरात इंग्रजी कागद आला की वाचायला कोणाला बोलावतात? शाळकरी पोराला. खरेदीखतात 'कन्सिडरेशन' लिहिलेले असते. पोराच्या वहीत त्याचा अर्थ विचार. कागदात त्याचा अर्थ मोबदला, म्हणजे जमिनीची रक्कम. 'इन्स्ट्रुमेंट' म्हणजे वहीप्रमाणे वाद्य किंवा उपकरण, कागदात दस्त. दस्त 'एक्झिक्यूट' केला म्हणजे कोणाला फाशी दिलेली नसते, सही करून पुरा केलेला असतो. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, व्याज आणि मालमत्तेतील हितसंबंध. आणि सर्वांत घातक ते 'सब्जेक्ट टू'. आदेशात मंजुरी लिहिलेली दिसते, पोरगे आनंदाने मंजूर म्हणून सांगते, आणि पुढच्या 'सब्जेक्ट टू'चा अर्थ विषय असा लावून मोकळे होते. प्रत्यक्षात तिथून अटींची यादी सुरू झालेली असते. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राने २००४ साली सीमाप्रश्नाचा जो दावा दाखल केला त्याला इंग्रजीत 'सूट' म्हणतात. शिंप्याकडेही सूट असतो, आणि मराठी दुकानावर सूट लागली की झुंबड उडते.

पोराचा यात दोष नाही. ज्याला 'उतारा' शब्द कळतो त्याला 'कन्सिडरेशन' कळायला काहीच हरकत नाही. जमिनीचा उतारा तलाठ्याकडे मिळतो, विषावरचा उतारा वैद्याकडे, धड्याचा उतारा पुस्तकात, पावसाचे पाणी उताराने जाते, आणि अमावास्येला तिठ्यावर ठेवलेला उतारा ओलांडू नको म्हणून आजी बजावते. गावातले सातवीचे पोर हे सर्व उतारे बिनचूक ओळखते. इंग्रजीच्या शिक्षकाने तास इथून सुरू करावा. एका शब्दाच्या पोटात अनेक अर्थ असतात हे पोराला आधी स्वतःच्या भाषेत दाखवून द्यावे, मग 'इंटरेस्ट' फळ्यावर लिहावे. पण त्यासाठी वर्गात मराठी हवी, आणि शिक्षकाला मराठी चांगली यायला हवी.

नेमकी हीच गोष्ट हातची निसटते आहे. कन्नड की मराठी या वादातून सुटका म्हणून सीमाभागातील कित्येक पालकांनी तिसरीच वाट धरली, पहिलीपासून इंग्रजी माध्यम. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक सरकारच्या खटल्यात निकाल दिला की प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादता येणार नाही. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा. हक्क मान्य. आमचे म्हणणे एवढेच की वाद टाळण्यासाठी माध्यम निवडणे आणि पोराला भाषा यावी म्हणून माध्यम निवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पोराला 'उतारा' एकाच अर्थाने ठाऊक, त्याला 'इंटरेस्ट'ही एकाच अर्थाने कळणार.

कोणी म्हणेल, कोरियन पोरे तर सगळे विषय मातृभाषेत शिकतात, तरी त्यांची इंग्रजीत दमछाक होतेच ना? होते. पण त्यांचे गणित, विज्ञान, इतिहास त्यात बुडत नाही. इंग्रजीत अडखळलेला कोरियन विद्यार्थी कोरियनमध्ये इंजिनियर होतो. आणि ती भाषा त्यांना कोणी आयती दिलेली नाही. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा हटवली गेली. १९४२ साली कोरियन भाषेचा कोश तयार करणाऱ्या अभ्यासकांना पकडले, त्यांतले दोघे तुरुंगातच वारले, हस्तलिखिते जप्त झाली. देश मोकळा झाल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये ते बाड सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. १९४७ साली पहिला खंड निघाला आणि १९५७ साली सहावा, शेवटचा. एकेका शब्दाचे सगळे अर्थ टिपून ठेवण्यासाठी माणसे तुरुंगात गेली, आणि त्यांची नातवंडे आज पानभर शब्दांना एकेक अर्थ चिकटवून पाठ करतात, हे आम्हांला खटकते.

आपला मोल्सवर्थ तर साहेब होता. त्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला, १८५७ ला वाढवून पुन्हा काढला. 'लागणे' या एका क्रियापदाचे त्याने किती अर्थ जमवले ते एकदा पाहा. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, नातेवाईक कोण कोणाचा काय लागतो. परक्याने एवढी चिकाटी दाखवावी आणि आमच्या गाईडवाल्याने एका ओळीत उरकावे!

तूर्त फार मोठे काही मागत नाही. शिक्षकांनी वहीत शब्दापुढे अर्थ न लिहिता वाक्य लिहून घ्यावे, एका शब्दाची निदान दोन वाक्ये. गावच्या वाचनालयांनी एक वेगळी वही ठेवावी. कचेरीतून, बँकेतून, सोसायटीतून आलेल्या कागदांतील अडलेला इंग्रजी किंवा कन्नड शब्द ज्याने त्याने संपूर्ण वाक्यासह त्यात उतरवावा, आणि गावातल्या किंवा तालुक्याच्या वकिलाने महिन्यातून एकदा येऊन मराठी अर्थ लिहावा. 'सब्जेक्ट टू' पहिल्या पानावर घ्यायला हरकत नाही.