पंचमहाभूतांचे ओव्हरड्राफ्ट खाते

पुरोहित या माणसाबद्दल मला आदर आहे. मंगलाष्टके लांबली आणि मागून पंगतीचा वास येऊ लागला की तो थोडा कमी होतो, एवढेच. पण अग्नीचा पुरोहित उठसूट दुसऱ्याच्या अंगावर जाळ फेकतो, पाण्याचा पुरोहित मनात येईल तिथे लोंढा आणतो, आणि ‘हे आणलेस कुठून?’ असे दोघांनाही कोणी विचारत नाही, असला पुरोहितवर्ग मला साफ नामंजूर आहे.

असे पुरोहित असतात कुठे, असे तुम्ही विचाराल. दर रविवारी दुपारी कशेळीत, आमच्या घरी, सतरंजीवर असतात. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो काढला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी योद्धा, जादूगार, पुरोहित अशी सोंगे घ्यायची, आणि अडले की वीस बाजूंचा फासा टाकायचा. शकुनीमामाच्या वेळी ही सोय नव्हती, नाहीतर महाभारत सभापर्वातच आटोपले असते.

पुढे 1991 साली याच खेळासाठी ‘डार्क सन’ नावाचे एक वाळवंटी जग निघाले. तिथे देवच नाहीत. आता देव नाहीत म्हटल्यावर पुरोहितांनी पोट भरायचे कसे? तर त्यांना माती, वारा, अग्नी आणि पाणी अशी चार खाती वाटून दिली. आमच्या भाच्याने अग्नी घेतला. गॅस पेटवताना ज्याचा हात थरथरतो, तो मुलगा रविवारी अग्नीचा पुरोहित!

माझी पहिली हरकत हिशेबाची. आपल्याकडे महाभूते पाच. यांच्याकडे चारच. आकाश कुठे गेले? भाचा म्हणाला, “मामा, आकाशाने मारामारी कशी करणार?” म्हणजे जे शत्रूच्या डोक्यात घालता येत नाही ते महाभूतच नव्हे! ग्रीकांनीही चारच मोजली होती हे मला ठाऊक आहे. पण ग्रीकांनी ती निदान जग कशाचे बनले आहे हे समजून घेण्यासाठी मोजली होती.

दुसरी हरकत बी.कॉम. माणसाची आहे. या पुरोहिताच्या खात्यात नुसते डेबिट. सकाळी ध्यान करायचे की दिवसभराचे मंत्र जमा. वापरले, संपले, दुसऱ्या दिवशी पुन्हा ध्यान. ना तारण, ना जामीन, ना व्याज! आमच्या काउंटरवर पन्नास हजारांच्या कर्जासाठी माणसाला सात ठिकाणी सह्या कराव्या लागतात, आणि इथे साक्षात अग्नी बिनतारण.

खरा अग्नीचा पुरोहित पाहायचा असेल तर डहाणूच्या पुढे, गुजरातच्या हद्दीत उदवाड्याला जावे. पारशांचा इराणशाह अग्नी तिथे 1742 पासून तेवतो आहे. अशा आतश बेहरामसाठी सोळा ठिकाणचे अग्नी गोळा करून शुद्ध करावे लागतात. त्यांत कुंभाराचा, सोनाराचा, भटारखान्याचा असतो, आणि आकाशातून पडलेल्या विजेचासुद्धा असतो. विजेच्या मागे पळणारा पुरोहित! आणि एवढे करून मोबेद त्या अग्नीने कुणाला भाजतो का? छे. तो त्याच्यापुढे जाताना तोंडावर पांढरे फडके बांधतो. कशासाठी? तर आपल्या श्वासाने अग्नी बाटू नये म्हणून. दिवसातून पाच वेळा त्याला लाकूड घालायचे, आणि उलट काही मागायचे नाही. भाच्याला हे सांगितले तर म्हणाला, “मग त्याला पॉवर काय?” पुरोहिताला पॉवर लागते, हीच तर गोची आहे.

पाण्याचेही तेच. कोळी दर्यावर जगतो, पण पावसाळ्यात मासळीच्या विणीच्या दिवसांत होडी किनाऱ्याला ओढतो, आणि नारळी पौर्णिमेला आधी दर्याला नारळ देतो, मग जाळे टाकतो. आधी क्रेडिट, नंतर डेबिट. कोळ्याला हे कोणी कॉमर्स कॉलेजात शिकवले नाही.

आणि चारही महाभूतांचा एकच पुरोहित हवा असेल, तर तो आमच्या ठाणे-रायगडच्या खाडीकाठी होऊन गेला. मिठागरात राबणारा आगरी. आगरावरूनच आगरी. माती तुडवून तुडवून त्याने वाफा घट्ट केला, उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेतले, आणि पुढचे काम ऊन आणि वाऱ्यावर सोपवून वाट पाहिली. मीठ ‘केले’ असे तो म्हणत नाही, मीठ ‘पिकले’ म्हणतो. या एका क्रियापदात जेवढे पौरोहित्य आहे तेवढे त्या खेळाच्या जाडजूड पुस्तकात नाही. त्याच्या घरच्या लग्नात विधी सांगायला धवलारीण असते. ती बाई गाणी गाते, पंचमहाभूतांना हाका मारते, आणि कुणावरही जाळ न फेकता नवरा-नवरीला संसारात ढकलते. तेवढा चटका पुरेसा असतो.

भाचा म्हणतो, “मामा, खेळ आहे हो तो!” खेळ आहे हे मला कळते. पण आमच्या गॅलरीतून बाहेर बघा. हा खेळ कशेळीत बिनफाशाचा चालू आहे. खाडीकाठी डंपर येतो, भराव टाकतो आणि जातो. तो मातीचा पुरोहित. गोदामाशेजारी गोदाम उभे राहते, काल्हेर, पूर्णा, सगळीकडे, आणि मग एखाद्या रात्री त्यातले एक पेटते. ते अग्नीचे अनुष्ठान. धूर वाऱ्याच्या खात्यात, सांडपाणी खाडीच्या. प्रत्येकाची लेव्हल वाढते आहे. खारफुटीची तेवढी उतरते.

गंमत अशी की त्या ‘डार्क सन’वाल्यांना हिशेब कळत होता. तिथले जग वाळवंट झाले ते जादूगारांमुळे. मंत्र टाकला की आसपासच्या झाडांतला जीव त्यात खर्ची पडायचा, जमिनीची राख व्हायची. म्हणजे जादूगाराला व्हाउचर लागू, आणि पुरोहिताला मात्र सोवळ्याची सवलत! हा पक्षपात झाला.

म्हणून माझी दुरुस्ती-सूचना आहे. वैदिक यज्ञात चार मुख्य ऋत्विज असत: होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा. वाटणी महाभूतांवर नव्हती, कामावर होती. पहिले तिघे बोलणार, गाणार, हात चालवणार. चौथ्याने दक्षिणेला गप्प बसून फक्त पाहायचे की कुठे चूक होते, आणि झालीच तर प्रायश्चित्त सांगायचे. आमच्या बँकेत याला चेकर म्हणतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची, त्याशिवाय पाच रुपये हलत नाहीत. भाच्याच्या मंडळीत चार पुरोहित घ्या, दहा घ्या, माझे काही म्हणणे नाही. पण पाचवा एक गप्प बसणारा घ्या आणि त्याच्या हातात लेजर द्या. आणि पाचवे महाभूत मोकळेच आहे. आकाशाचा पुरोहित म्हणून तो चालेल. आकाश सगळे पाहते आणि मारामारी करत नाही.

भाच्याने सूचना ऐकून घेतली, फासा टाकला, आणि ती एका गुणाने नामंजूर झाली असे कळवले. हरकत नाही. भराव असाच चालू राहिला तर खाडी एका उधाणात सगळी थकबाकी वसूल करील. तिला सही लागत नाही.