रस्ता सर्वांचा, चेहरा ज्याचा त्याचा

रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे चेहरे कॅमेऱ्यात टिपण्याच्या छंदाला अलीकडे कलेची प्रतिष्ठा लाभली आहे. रविवारी सकाळी आमच्या इंदुरात राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत फेरी मारली, तर गळ्यात कॅमेरे अडकवलेले तरुणांचे थवे दिसतात. हातगाडी ओढणारा हमाल, फुटपाथवर निजलेला मजूर, देवळाच्या पायरीवरील वृद्धा यांच्यावर भिंगे रोखली जातात, खटका दाबला जातो आणि मंडळी पुढे सरकतात. पुढे तेच चेहरे एखाद्या प्रदर्शनात ‘वार्धक्य’, ‘प्रतीक्षा’, ‘श्रम’ अशा मथळ्यांखाली टांगलेले आढळतात. छायाचित्रकाराचे नाव ठळक अक्षरांत असते. ज्याचा चेहरा, त्याचे नाव मात्र कोठेच नसते. या प्रथेस आमचा स्पष्ट विरोध आहे.

आमची हयात शासकीय सेवेत गेली. निवृत्तिवेतनाच्या कागदावर छायाचित्र चिकटवायचे, तर सोबत नाव हवे, सही हवी. सही येत नसेल तर अंगठा हवा. केवळ चेहरा असलेला कागद आम्ही त्रुटी दाखवून परत पाठवला असता. रुक्ष म्हणून हिणवलेल्या सरकारी दप्तराने जे तत्त्व पाळले, ते सहृदय म्हणवणाऱ्या कलेने का पाळू नये?

यावर पहिला युक्तिवाद असा, की रस्ता सार्वजनिक आहे. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया या अमेरिकन छायाचित्रकाराने १९९९ ते २००१ या काळात न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये दिवे बांधून, दुरून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्यांतील एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी धार्मिक श्रद्धेचा भंग झाला म्हणून दावा लावला. ही कला आहे, असे म्हणून न्यायालयाने २००६ साली तो फेटाळला. तेथील कायद्याचे ते उत्तर झाले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मात्र २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि केवळ सार्वजनिक जागी पाऊल ठेवल्याने तो संपत नाही, असेही त्या निकालात नमूद आहे. शिवाय कायद्याने मनाई नाही म्हणून वर्तन सभ्य ठरते, असे आपल्या घरांत कधी शिकवले गेले नाही.

दुसरा युक्तिवाद स्वाभाविकतेचा. विचारले की चेहऱ्यावरचा भाव हरपतो, म्हणे! लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन असताना, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, छायाचित्रणाकडे वळले. तिपाईवरचा तो अवजड कॅमेरा लपवता येण्याजोगा नव्हता. समोरचा माणूस जाणूनबुजून त्याच्यापुढे उभा राही. म्हणून का त्या काळची व्यक्तिचित्रे निर्जीव ठरली? विचारल्यावर जो भाव उमटतो, तोही त्या माणसाचाच असतो. किंबहुना तोच त्याने स्वेच्छेने दिलेला असतो.

तिसरा युक्तिवाद वजनदार आहे: अशा चित्रांविना इतिहास मुका राहील. डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात टिपलेली ‘मायग्रंट मदर’ मंदीच्या काळाचे प्रतीक ठरली. चित्र छापून आल्यावर त्या छावणीकडे अन्नाची मदतही गेली. पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. लँग यांनी त्या मातेचे नाव विचारलेच नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. आणि त्या चित्राने आपल्याला एक पैसाही दिला नाही, अशी त्यांची तक्रार होती. चित्र थोर आहे, हे आम्हांस मान्य आहे. नाव विचारल्याने त्याचे थोरपण कणभरही उणावले नसते.

मोर्चा, दंगल, पोलिसांचा लाठीमार यांची छायाचित्रे विनापरवानगी घेतलीच पाहिजेत. तेथे लोकहित उघड आहे. आमचा आक्षेप निवांत बसलेल्या एकट्या माणसाच्या चेहऱ्यावर परस्पर हक्क सांगण्याला आहे. आणि हे भिंग नेहमी खालच्या दिशेनेच का वळते? मोटारीतून उतरणाऱ्या शेठजींच्या सुरकुत्यांत कोणास काव्य दिसत नाही, कारण शेठजी जाब विचारतील. हमाल विचारणार नाही, हे ठाऊक असते. ज्या धैर्याचा एवढा गौरव होतो, त्याचे मूळ समोरच्याच्या दुबळेपणात आहे.

आमची मागणी अवास्तव नाही. आधी विचारावे, क्षण निसटण्याची भीती असेल तर नंतर तरी दाखवावे, आणि नकार आल्यास चित्र पुसावे. नाव विचारावे, आणि त्याची हरकत नसेल तर ते चित्राखाली लिहावे. एक प्रत त्याच्या हाती पोचवावी. आपल्या संस्थांनी आपापल्या दालनांत छायाचित्रांचे प्रदर्शन भरवू देताना एवढ्या अटी घालाव्यात, असे आम्ही सुचवतो. एवढे सौजन्य ज्या कलेला परवडत नाही, तिला आपल्या भिंती मोकळ्या करून देण्याचे कारण नाही.