कलेच्या इतिहासाचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांत वाणिज्य, सी.ए. आणि व्यवस्थापन या तीनच वाटांची चर्चा होते. अशा वेळी घरातील मुलीने कलेच्या इतिहासाचे नाव काढले, तर ‘यातून पोट कसे भरणार?’ असा प्रश्न वडीलधारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरही हिशेबानेच द्यावयास हवे.

हा विषय चित्रे काढावयास शिकवीत नाही. एखादी मूर्ती वा चित्र कोणत्या काळातील, कोणाच्या द्रव्याने घडलेले, अस्सल की नक्कल, हे पारखावयास तो शिकवितो. जवाहिऱ्याची रत्नपरीक्षा असते, तशीच ही पारख.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. संग्रहालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अन्य शाखांचे पदवीधरही बहुधा जाऊ शकतात, म्हणजे बी.कॉम. वाया जात नाही. जुन्या वस्तूंच्या जतनाकडे वळणाऱ्यास मात्र रसायनशास्त्राचा पाया उपयोगी पडतो.

पुढे संग्रहालये, कलादालने, लिलावगृहे, कलाग्रंथांचे प्रकाशन, वारसा सहली आणि अध्यापन अशी क्षेत्रे आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व चित्रे, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी मोलाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाहीत. त्यामुळे व्यवहारापूर्वी वस्तूचा काळ व मालकीची परंपरा तपासणारा जाणकार लागतोच. तथापि जागा थोड्या असतात आणि आरंभीचे वेतन बेताचे. पहिली काही वर्षे घराचा आधार लागेल, हे आधीच गृहीत धरावे.

जैन कलेच्या अभ्यासाची परंपरा मोठी आहे. डॉ. मोतीचंद्र यांचा पश्चिम भारतातील जैन लघुचित्रांवरील ग्रंथ १९४९ मध्ये, उमाकांत शाह यांचा जैन कलेवरील ग्रंथ १९५५ मध्ये, तर सरयू दोशी यांचा जैन चित्रकलेवरील ग्रंथ १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधराव्या शतकातील कल्पसूत्राच्या कित्येक सचित्र पोथ्या व्यापाऱ्यांनीच सोन्याच्या शाईने लिहवून ज्ञानदान म्हणून अर्पण केल्या. पोथीच्या अखेरच्या प्रशस्तीत त्या दात्यांची व त्यांच्या कुळांची नावे आढळतात.

आज जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुनी भित्तिचित्रे रंगाखाली जातात, कोरीव खांबांच्या जागी नवा संगमरवर येतो, आणि बंद कपाटांतील पोथ्यांना कसर लागते. हे नुकसान पैशाने भरून येत नाही. मंदिराच्या विश्वस्तांनी काम काढण्यापूर्वी जाणकाराकडून पाहणी करवून घ्यावी. ज्ञानभांडाराची सूची करण्याचे काम अशा एखाद्या विद्यार्थिनीस मानधन देऊन सोपवावे. प्राकृत आणि जुनी लिपी वाचू शकणाऱ्या मुलीस अनुभव मिळेल, आणि आपल्या कपाटात काय आहे, हे समाजास कळेल.