फाइल कुणाच्या नावाची?

आपल्या घरांमध्ये कागद कुठे ठेवलेत, हे बहुतेक वेळा एकाच माणसाला माहीत असतं. अब्बांना, नाहीतर थोरल्या भावाला. जागाही ठरलेली असते: पत्र्याची पेटी किंवा कपाटातली साडीच्या दुकानाची पिशवी. तिच्यात सगळ्यांचं सगळं एकत्र. जुनी लाइट बिलं, दोन पिढ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, अम्मीचा निकाहनामा, आणि कशाची तरी झेरॉक्स, जिची मूळ प्रत कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. ज्यांचं शिलाईकाम, बेकरी किंवा गॅरेज घरातूनच चालतं त्यांच्याकडे याच ढिगात गुमास्ता लायसन्स, उद्यम नोंदणी आणि मालाची बिलंही असतात.

ही पिशवी उपसून नीट लावणं हे घरातल्या तरुण मुलामुलींचं काम आहे, असं माझं मत आहे. आणि ते घर आवरण्यातलं काम नाही, नागरिक म्हणून करायचं काम आहे.

काहींना हे दुनियादारीचं काम वाटतं, दीनशी संबंध नसलेलं. त्यांना एवढंच सांगायचं की कुरआनातली सर्वांत लांब आयत कागदपत्रांबद्दल आहे. सूरह बकराची 282 वी आयत. कर्ज मुदतीचं असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, हा तिचा आशय. आपण मात्र भावाभावात लिहायचं कशाला, विश्वास नाही का, असं म्हणत पिढ्यान्‌पिढ्या तोंडी व्यवहार केले आणि मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या.

पिशवी उपसली की पहिली अडचण दिसते ती नावाची. मराठवाड्यात शेख रहीम शेख करीम असं नाव लिहायची पद्धत आहे. यात शेख रहीम हा मुलगा आणि शेख करीम त्याचे वडील. ऑनलाइन फॉर्मला मात्र पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने हवे असतात. मग एका कागदावर पहिलं नाव 'शेख' होतं, दुसऱ्यावर आडनाव 'करीम' होतं, तिसऱ्यावर वडीलच गायब. पश्चिम महाराष्ट्रात तांबोळी, मुलाणी, अत्तार, शिकलगार अशी आडनावं चालत आल्यामुळे हा त्रास थोडा कमी, पण इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ तिथेही आहेच. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसती 'एमडी' ही दोन अक्षरं. बायकांचं तर विचारूच नका. शाळेत शबाना, रेशन कार्डावर शबानाबी, आधारवर शबाना बेगम, आणि लग्नानंतर मधल्या नावात वडिलांच्या जागी नवरा. (आणि निम्म्या खानदानाचा वाढदिवस 1 जूनला. ती कृपा शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींची.)

माणूस शाळेत असेपर्यंत ही दुरुस्ती तुलनेनं सोपी असते. शाळा सुटली की अवघड होत जाते. म्हणून धाकट्या भावंडांचे कागद आधी बघा. मोठ्यांच्या बाबतीत कुठला कागद प्रमाण मानायचा ते एकदा घरात बसून ठरवा, शक्यतो जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आणि बाकीचे हळूहळू त्याच्याशी जुळवून घ्या. नाव मुळातच बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. त्या राजपत्राची प्रत मग आयुष्यभर जपायची.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यासाठी सभांना फिरले, आणि मुसलमानांमधल्या व्यवसायाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक जमातींना ओबीसी सवलतींचं दार उघडलं. पण दाखला काढायला गेलं की पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. दादांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात बागवान किंवा पिंजारी लिहिलेलं असेल तर काम होतं. बहुतेकांच्या नोंदीत नुसतं 'मुसलमान' असतं. मग शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल बुक, जुने फेरफार धुंडाळावे लागतात. मराठवाड्यात निजामाच्या काळातली बरीच दप्तरं उर्दूत आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा राज्यभर उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आपल्या घरात उर्दू वाचणारी नानी असते, आणि पेटीतला उर्दू कागद आपण तिला कधी दाखवलेला नसतो. तो रद्दीत टाकण्याआधी एकदा तिच्याकडून वाचून घ्या.

2019-20 च्या हिवाळ्यात नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात कागद न दाखवण्याची भूमिका घेतली गेली. ती योग्यच होती. सरकारनं नागरिकाकडे संशयाने बघण्यालाच तो नकार होता. पण दाखवायला नकार देणं वेगळं आणि दाखवायला काहीच नसणं वेगळं. त्याच हिवाळ्यात आपले लोक घाबरून जन्मदाखल्यांसाठी नगरपालिकांसमोर रांगा लावत होते. भीतीपोटी घाईनं केलेल्या कागदाचं काय होतं ते नंतर दिसलं. जन्माची नोंद वर्षाच्या आत झाली नसेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मालेगावसारख्या ठिकाणी अशा उशिराच्या नोंदींवर संशय घेऊन चौकशा बसल्या आणि 2025 मध्ये राज्य सरकारनं नियम कडक करत नायब तहसीलदारांच्या आदेशाने दिलेले दाखले रद्द केले. आदेश देण्याचा अधिकार कुणाला होता हा घोळ प्रशासनाचा होता. कागद मात्र गरिबाचा रद्द झाला. याचा राग यायलाच हवा. त्याचबरोबर आज घरात जन्मलेल्या बाळाची नोंद 21 दिवसांत होते की नाही हे बघणंही आपल्या हातात आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी अशा कामांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थानाचा पुरावा म्हणून जन्माचाच दाखला द्यावा लागणार आहे. आधारच्या भरवशावर राहू नका. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारच्या कायद्यातच म्हटलं आहे.

आसाममध्ये 31 ऑगस्ट 2019 ला एनआरसीची अंतिम यादी लागली, तेव्हा 19 लाख 6 हजार 657 माणसं बाहेर राहिली. त्या प्रक्रियेत विवाहित बायकांची झालेली कोंडी आपण नीट समजून घ्यायला हवी. लवकर लग्न झालेलं, शाळेचा दाखला नाही, जन्माचा दाखला नाही, मतदार यादीत नाव आलं ते थेट सासरच्या गावात नवऱ्याची बायको म्हणून. आपण अमुक माणसाची मुलगी आहोत हे सिद्ध करायला त्यांच्याकडे ग्रामपंचायतीच्या सचिवानं दिलेला एक दाखला होता. गुवाहाटी उच्च न्यायालयानं 2017 मध्ये तोही अमान्य केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा मान्य केला. मधले महिने त्या बायकांनी कसे काढले असतील, याचा विचार करा. आणि मग आपल्या अम्मीच्या किंवा फूफीच्या नावाचे, तिला तिच्या माहेराशी जोडणारे किती कागद घरात आहेत ते मोजा.

माझ्या मते फाइली लावण्याची पद्धतच इथे ठरते. बरेच जण विषयवार फाइली करतात: बँकेची, घराची, शाळेची. दुकानाच्या कागदांना ती पद्धत ठीक आहे, ते वेगळ्या डब्यात वर्षवार ठेवावेत. पण घरच्या कागदांची फाइल माणसागणिक असावी. दादी, अम्मी, आपा, धाकटी बहीण, प्रत्येकीच्या नावाची एक फाइल. वरच्या पानावर आत काय आहे याची यादी, कुठला कागद नाही त्याचीही. हे एकदा केलं की घरातल्या पुरुषांच्या फाइली जाड आणि बायकांच्या पातळ का, हा प्रश्न आपोआप समोर येतो. शिलाई मशीन आपा चालवते आणि उद्यम नोंदणी दुलाभाईंच्या नावावर, तर कर्जही त्यांनाच मिळणार.

बाईच्या फाइलमध्ये सर्वांत आधी निकाहनामा हवा, मेहेरचा आकडा वाचता येईल असा, तिच्या ताब्यात. तो काझींकडे आहे, नवऱ्याकडे आहे, हे उत्तर चालणार नाही. त्यासोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्यानं ही नोंदणी सर्व धर्मीयांना बंधनकारक आहे, तरी निकाहनामा आहे ना, मग पुरे, असं आपल्याकडे सर्रास चालतं. तलाक, पोटगी, परदेशी व्हिसा, पेन्शन, वारसा, काहीही निघालं की धावाधाव सुरू होते. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगी मागता येते हे पुन्हा स्पष्ट केलं. पण अर्ज करताना लग्न झाल्याचं आणि नवऱ्याच्या कमाईचं दाखवायला काहीतरी लागतंच.

फाइलमधली सर्वांत दुखरी जागा जमिनीच्या कागदांची आहे. वडील वारले की तलाठ्याकडे वारसनोंद होते, त्यात बहिणींची नावं लागतात. मग काही महिन्यांत हक्कसोडपत्र तयार होतं. शरियतनं मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा ठरवून दिलेला आहे. तो निम्माही आपण भावाशी नातं टिकावं म्हणून सोडायला लावतो आणि वर शरियत वाचवायच्या सभांना जातो. बहिणीनं राजीखुशीनं सोडला असेल तर तिला हक्कसोडपत्राची प्रत द्यायला काय हरकत आहे? सही कशावर घेतली हे बहुतेक बहिणींना सांगता येत नाही, कारण तो कागद त्यांनी नंतर पाहिलेलाच नसतो. तोंडी हिबाचंही तसंच. मुसलमानांमध्ये तो कायद्यानं चालतो, नोंदणी लागत नाही, पण दिल्याचे, घेतल्याचे आणि ताबा सोपवल्याचे साक्षीदार हयात असेपर्यंतच त्याचा उपयोग. लेखी ठेवला, तर ज्या मुलीला अब्बांनी एक खोली दिली तिची ती खोली राहते.

जपणुकीचं थोडक्यात. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, मागे शिक्का मारायची वेळ आली की तो कुचकामी ठरतो. झेरॉक्स देताना तिच्यावर कोणत्या कामासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहा. फाइली जमिनीवर नकोत. चिपळूणमध्ये जुलै 2021 च्या पुरात तळमजल्यावरच्या घरांत भांडीकुंडी वाहून गेली, तसे कागदही गेले. स्कॅन करून ठेवा, जे मिळतं ते डिजिलॉकरमध्ये घ्या, पण अम्मीचं खातं अम्मीच्याच मोबाइल नंबरवर असू द्या. भावाच्या नंबरवर ओटीपी येणार असेल तर पेटीची चावी पुन्हा त्याच्याच खिशात गेली.

आणि बहिणीच्या रुखसतीच्या दिवशी भांड्यांची आणि कपड्यांची यादी होते, तेव्हा तिची फाइलही तिच्यासोबत द्या. झेरॉक्सचा एक संच माहेरी ठेवा.